डासांची खबर देणारी काळी बादली

डेंगीची साथ आल्याचे कळते ते दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढल्यावर. तोवर डास आपले काम उरकून बसलेले असतात. त्यांचा अंदाज आधीच घ्यायचा, तर महागडे यंत्र लागतेच असे नाही. काळी बादली, थोडे सुके गवत, पाणी, जाळी आणि चिकट पट्टी एवढ्यावर भागते.

अशी बादली कॅरिबियन समुद्रातील प्युर्टो रिको बेटावर अमेरिकेच्या 'सीडीसी' या रोगनियंत्रण संस्थेने वापरून पाहिली. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी घालण्यासाठी काळसर, सावलीतले साचलेले पाणी शोधते. बादलीत गवत कुजले की त्याच्या वासाने ती आत शिरते. पण पाण्यावर जाळी असते आणि वरची आतली बाजू चिकट; मादी तिथेच अडकते. वीज नको, कीटकनाशक नको. दर दोन महिन्यांनी पाणी, गवत आणि पट्टी बदलली की झाले.

इथे खरी गंमत पुढे आहे. अंडी तयार होण्यासाठी मादीला रक्त लागते. म्हणजे पट्टीवर सापडलेली मादी बहुधा आधीच कोणाला तरी चावलेली असते. त्यामुळे पट्टीवरचे डास मोजून त्यांची संख्या तर कळतेच, शिवाय प्रयोगशाळेत तपासल्यास त्यांच्यात विषाणू आहे का, हेही समजते. घरोघरी जाऊन अळ्या शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हे कळत नाही, आणि कुलूपबंद घरे व गच्च्या राहून जातात त्या वेगळ्याच.

बेटाच्या दक्षिणेकडील सालिनास परिसरातील वस्त्यांत बहुतेक घरांत प्रत्येकी 3 सापळे ठेवले गेले. तिथले डास निम्म्याहून अधिक घटले. 2014 मध्ये बेटावर चिकुनगुनिया आला. पुढच्या वर्षीच्या रक्ततपासणीत सापळ्यांच्या वस्त्यांत लागण झालेल्यांचे प्रमाण इतर वस्त्यांच्या सुमारे निम्मे आढळले.

याहून स्वस्त सापळाही आहे: पाणी भरलेले काळे भांडे आणि अंडी चिकटण्यासाठी आत एक लाकडी पट्टी. 1960च्या दशकापासून तो वापरात आहे. मात्र त्यावर जाळी नसते. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून हे भांडे दर आठवड्याला रिकामे करून घासावेच लागते. विसरले, तर ते आपल्या गच्चीवरच्या पडीक डब्यासारखेच डासांचे पाळणाघर होते.