आधीं लिहावें, मग पारखावें

वर्गापुढें एखादा प्रश्न ठेवला, कीं बहुधा चारदोन धीट मुलांचेच आवाज ऐकूं येतात. मागील बाकावरील विद्यार्थ्याच्या मनांतहि एखादी कल्पना आलेली असते; परंतु कोणी हंसेल या भीतीनें ती ओठांपर्यंत येऊन परत फिरते. हें नुकसान त्या एकट्याचें नव्हे, सर्व वर्गाचें होय.

अमेरिकेंत जाहिरातीच्या धंद्यांत असलेले अलेक्स ऑस्बर्न यांनीं या दोषावर उपाय योजिला व १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तो सांगितला. मंडळींनीं एकत्र बसावें आणि चार नियम पाळावे: कोणाच्याहि कल्पनेवर टीका करूं नये, विलक्षण कल्पनेसहि वाव द्यावा, होतील तितक्या अधिक कल्पना काढाव्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेंत भर घालावी. निवड मागाहून. धान्य खळ्यावर येण्याआधीं तें कोणी पाखडीत नाहीं, तसेंच हें.

ही रीत चांगली खरी. पण १९५८ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं तिची परीक्षा घेतली, तेव्हां निराळेंच दिसलें. चौघांनीं एकत्र बसून काढलेल्या कल्पनांहून चौघांनीं एकएकटें बसून काढलेल्या कल्पना, सारख्या असतील त्या एकदांच मोजूनहि, अधिक भरल्या. एक बोलत असतां इतरांस थांबावें लागतें, हें त्याचें एक मोठें कारण होय.

पुढें १९६८ सालीं जर्मनींतील बेर्न्ट रोरबाख यांनीं लेखी रीत सुचविली. सहा जणांनीं वाटोळें बसावें. प्रत्येकानें आपल्या कागदावर पांच मिनिटांत तीन कल्पना लिहाव्या व कागद शेजाऱ्याकडे द्यावा. शेजाऱ्यानें त्या वाचून खालीं आणखी तीन लिहाव्या. अशा सहा फेऱ्या झाल्या म्हणजे अर्ध्या तासांत १०८ कल्पना जमूं शकतात. येथें लाजऱ्या मुलासहि धीट मुलाइतकीच जागा मिळते.

मात्र प्रश्न नेमका हवा. 'शाळा कशी सुधारावी?' असें न विचारतां, 'पावसाळ्यांत वर्गांत येणारा चिखल कसा थांबवावा?' असें विचारावें. शेवटीं सर्वांनीं मिळून कोणती कल्पना आपल्या हातून होण्याजोगी आहे, तिला खर्च किती व ती कोण पार पाडील हें ठरवावें. नाहींतर कागद कागदच राहतील.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं घरांतहि हा नियम पाळावा. मुलाचें बोलणें पुरें होण्याआधींच "कांहींतरी बरळूं नकोस" असें म्हटलें, तर पुढची कल्पना तें आपणांस सांगणार नाहीं. पारख अवश्य करावी. पण ती दुसऱ्या दिवशीं केली तरी चालते.