डिफ्रॅग मारू का, दादा?

कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की आपल्याकडे सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं रॅम वाढव, कुणी म्हणतं सरळ फॉरमॅट मार. आणि एखादा जुना खेळाडू हमखास म्हणतो, ‘अरे, डिफ्रॅग करून बघ ना!’ विंडोज ९८ च्या जमान्यात स्क्रीनवरचे ते रंगीत चौकोन सरकताना बघत ज्यांनी दोन-दोन कप चहा संपवलाय, त्यांना हा सल्ला आजही तोंडपाठ आहे. पण मंडळी, तो सेफ आहे का?

मला हा प्रश्न थेट जळकोटहून आला. लातूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. मी पुण्यात, चुलतभाऊ गावी. “दादा, मशीन लईच हळू चालायलंय. डिफ्रॅग मारू का? पण मधीच लाईट गेली तर?” घरचा जुना डेस्कटॉप, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क. तिच्यात शेतीचे कागद, पीकविम्याच्या पावत्या आणि आजीचे फोटो. आजी आता नाही, आणि त्या फोटोंची दुसरी कॉपीही नाही. म्हणजे प्रश्न नुसता स्पीडचा नव्हता!

पान १२, मग पान ४७

किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. तुमचं खातं पान १२ वर सुरू होतं, जागा संपली की पान ४७ वर जातं, तिथून ८८ वर. हिशेब चुकत नाही, पण शेठजींना पानं उलटत बसावी लागतात. हार्ड डिस्कचंही तसंच. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीवर फाइलचे तुकडे विखुरले, की ते गोळा करायला हेडला धावपळ करावी लागते. डिफ्रॅग म्हणजे एका खात्याची सगळी पानं एका जागी आणणं. बस्स, इतकंच.

लाईट गेली तर?

२००० च्या दशकात मराठवाड्यानं तासन्तास लोडशेडिंग काढलंय. त्यामुळे ही भीती आमच्या अंगातच मुरलीय. पण एनटीएफएस ड्राइव्हवर विंडोजचं डिफ्रॅग शहाण्या मुनीमासारखं काम करतं. तुकडा आधी नव्या जागी उतरवायचा, मग अनुक्रमणिकेत पानाचा नंबर बदलायचा, आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी करायची. अनुक्रमणिकेतल्या बदलांची नोंदही वेगळी ठेवली जाते. मध्येच वीज गेली तरी सहसा जुनी किंवा नवी, एक तरी प्रत जागेवर सापडते. जुन्या एफएटी ३२ मध्ये अशी नोंद नसते, तिथे रिस्क जास्त. आणि अचानक वीज जाणं कुठल्याही डिस्कला मानवत नाहीच. तेव्हा यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर उत्तम.

खरी भानगड इथे आहे

डिस्क आधीच आजारी असेल, कटकट आवाज येत असेल, फाइल्स उघडताना एरर देत असतील, तर डिफ्रॅग म्हणजे तापलेल्या माणसाला शर्यतीत पळवणं. तासन्तास वाचणं आणि लिहिणं चालतं, आणि त्यातच ती कायमची बसू शकते. दुसरी गोष्ट, चुकून फोटो डिलीट झाले असतील तर डिफ्रॅगच्या वाटेला जाऊ नका. डिलीट झालेली फाइल बरेचदा डिस्कवर तशीच पडून असते, परत मिळू शकते. डिफ्रॅग त्याच ‘रिकाम्या’ जागेवर दुसरं काहीतरी आणून ठेवतं. मग रिकव्हरीवालाही हात वर करतो.

म्हणून भावाला म्हटलं, “आधी आजीचे फोटो दुसऱ्या डिस्कवर काढ. मग काय मारायचं ते मार!”

एसएसडीवाल्यांनो, थांबा

तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर हा खटाटोप करूच नका. तिथे तबकडी नाही, धावणारं हेडही नाही. तुकडे विखुरले तरी फारसा फरक पडत नाही, उलट फुकटच्या लिखाणानं तिचं आयुष्य झिजतं. एसएसडी ओळखून तिला नेहमीच्या डिफ्रॅगमधून वगळायचं हे विंडोज ७ नं २००९ मध्येच सुरू केलं. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर शेवटचं ऑप्टिमायझेशन कधी झालं हेच सिस्टम विसरायला लागली आणि पुन्हा पुन्हा ते काम काढत बसली. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी ती चूक दुरुस्त केली. आज विंडोज १० आणि ११ साधारण आठवड्याला स्वतःच ड्राइव्ह तपासतात. एसएसडी असेल तर प्रामुख्यानं ‘ट्रिम’ करतात, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते ड्राइव्हला कळवतात.

डिफ्रॅगआधी एवढं बघाच

• ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज्’ उघडा. समोर ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ लिहिलंय की ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’?
• क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट टूलनं डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर डिफ्रॅग नको, आधी डेटा हलवा.
• ड्राइव्हवर साधारण १५ टक्के जागा मोकळी ठेवा.
• जे गेलं तर पुन्हा काढता येणार नाही, त्याची कॉपी दुसऱ्या ठिकाणी हवीच. डिफ्रॅग करा अगर करू नका!