ट्रेमर : कंप, धक्का की झटका?

रात्रपाळीच्या उपसंपादकाला इंग्रजी बातमीतले मोठे शब्द क्वचितच अडवतात. अडवतात ते लहान शब्द. ‘ट्रेमर’ हा त्यांतलाच एक. भूगर्भात हालचाल झाली तरी ट्रेमर, वृद्धाचा हात थरथरला तरी ट्रेमर, भाषण करताना आवाज कापरा झाला तरी ट्रेमरच. मराठीत मात्र जमिनीला धक्के बसतात, हाताला कंप सुटतो आणि थंडीने भरते ती हुडहुडी. एकाच्या जागी दुसरा शब्द पडला तर वाचक नुसता अडखळत नाही, प्रसंगी घाबरतोही.

मी मूळचा इंदूरचा. 2019 च्या पावसाळ्यात सरदार सरोवर काठोकाठ भरत होते, तेव्हा बडवानी जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या काही गावांतून जमीन हादरत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. काकूने फोनवर तेच सांगितले आणि मी इथल्या सहकाऱ्याला म्हणालो, “आमच्याकडे झटके येताहेत.” त्याने काळजीने विचारले, “कोणाला?” इंदुरी मराठीवर हिंदीचा हात शतकभर फिरला आहे, तिथे भूकंपाचेही झटकेच येतात. गोव्यात किंवा महाराष्ट्रात झटका येतो तो माणसाला, आणि मग धावाधाव होते ती रुग्णालयात.

शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘त्रेमेरे’ म्हणजे थरथरणे. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे ‘ट्रेमर’ चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला, तो ‘भीती’ या अर्थाने. शरीराचा अनैच्छिक कंप आणि जमिनीचा हादरा हे अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटले. आज वाटेल त्या प्रचंड गोष्टीला लावला जाणारा ‘ट्रेमेंडस’ही याच घरचा, ज्याच्यापुढे थरथरावे असा तो, हा त्याचा मूळ अर्थ.

आपल्याकडे हीच वाट निराळी वळली. संस्कृत ‘त्रस्’ म्हणजे भिऊन थरथरणे. इंग्रजी ‘टेरर’ आणि आपला ‘त्रास’ यांचे मूळ एकच मानले जाते. मराठीत त्रासातले भय गळून गेले आणि कटकट तेवढी उरली. ‘संत्रस्त’मध्ये ते अजून थोडे शिल्लक आहे. दुसरा धातू ‘कम्प्’. कंप, भूकंप, थरकाप हे सगळे त्याच्याच गोतावळ्यातले. पण मला सर्वांत लोभस वाटतो तो ‘अनुकंपा’ हा शब्द. दुसरा कापत असताना त्याच्याबरोबर आपणही कापणे, ती अनुकंपा! सरकारी कचेरीत ‘अनुकंपा तत्त्वावर’ अर्ज भरणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नसेल.

वैद्यकातला ट्रेमर अधिक जपून हाताळावा लागतो. काही वर्षांपूर्वी काकूचा हात थरथरू लागला. डॉक्टरांच्या कागदावर ‘इसेन्शियल ट्रेमर’ लिहिलेले होते. ते वाचून घरात कोणी त्याचा ‘अत्यावश्यक कंप’ केला, तर कोणी थेट ‘कंपवात’. दोन्ही चूक. इथे ‘इसेन्शियल’चा अर्थ, ज्यामागे दुसरा आजार सापडत नाही असा. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले आणि ज्याला आपण कंपवात म्हणतो, त्यात हात प्रामुख्याने स्वस्थ मांडीवर ठेवलेला असताना थरथरतो. काकूचा थरथरे तो कप उचलताना. हा फरक समजेपर्यंत घरातल्यांनी आठ दिवस नीट जेवण केले नव्हते.

भूकंपाच्या बातमीत ‘माइल्ड ट्रेमर्स’ असे आले की आम्ही सवयीने ‘सौम्य धक्के’ लिहितो. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी भूज हादरले, तेव्हा सुमारे सहाशे किलोमीटरवरच्या आमच्या इंदूरच्या घरात एकही भांडे पडले नाही. पण माजघरातला रिकामा झोपाळा आपोआप झुलू लागला. आजीने विचारले, “कोण उठलं रे यावरून?” लांबचे अंतर कापताना भूकंपाच्या जलद लहरी विरतात आणि संथ लहरी तेवढ्या पोहोचतात, म्हणून भिंती स्तब्ध राहिल्या आणि झोपाळा हलला. त्या घरापुरता तो कंप खरोखर सौम्य होता. नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसराला बसलेल्या धक्क्यांपैकी बहुतेकांची तीव्रताही भूजच्या मानाने नगण्यच. तरीही तिथल्या लोकांनी भर थंडीत रात्री घराबाहेर काढल्या, कारण भिंतींना तडे जात होते. मोजपट्टीवरचे विशेषण त्या भिंतींना लागू पडत नाही. तेव्हापासून अशा बातमीत मी ‘सौम्य’ खोडतो, आकडा मिळाला तर आकडा देतो आणि पुढे नुसते ‘धक्के’ लिहितो.