थंडीतील जीवदया : आधी कोरडी जागा, मग लापशी

शिर्डी, राहाता, कोपरगाव हा गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला पट्टा. ऊस, मका आणि घास यांच्या आधारे येथे दूधधंदा रुजला. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे कोरडे वारे सुटले, की शेजारच्या निफाडप्रमाणे हा भागही गारठतो. याच दिवसांत संक्रांत येते आणि व्यापारी कुटुंबांकडून गोशाळांना लापशी, गूळ, धान्य पोहोचू लागते. भावना निर्मळ असते. परंतु त्या वेळी गाईची खरी गरज वेगळीच असते.

गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सियस असते. कोठीपोटात चारा आंबताना निर्माण होणारी ऊब ते टिकवण्यास साहाय्य करते. म्हणून थंडीत ज्वारीच्या कडब्यासारखा कोरडा चारा, विशेषतः सायंकाळी, भरपूर हवा. पोट भरलेले आणि अंग कोरडे असेल, तर प्रौढ गाय येथील थंडी सोसते. ओल मात्र घातक ठरते. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आले, तेव्हा याच जिल्ह्यात उघड्यावरील अनेक मेंढ्या दगावल्या.

गोठ्यात म्हणूनच उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरावा आणि ओला भाग रोज काढावा. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचे पडदे लावावेत. पण गोठा पूर्ण कोंडू नये, कारण मूत्रातील अमोनिया साचून वासरांच्या फुप्फुसांना अपाय होतो. नवजात वासराचे अंग पुसून कोरडे करावे व पहिल्या एक-दोन तासांत त्याला चीक पाजावा. रात्रभर गारठलेले हौदातील पाणी गाय कमी पिते. सकाळी विहिरीचे ताजे, कोमट पाणी द्यावे.

दानाचाही विवेक हवा. दहा घरांची लापशी एकाच दिवशी एका गव्हाणीत पडली, तर सवय नसलेल्या गाईच्या कोठीपोटात आम्लता वाढते आणि ती दगावूही शकते. दवाने भिजलेला कोवळा घास पोटफुगीस कारण होतो.

शास्त्रकारांनी अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आखूड दाव्यामुळे गाईला ओल्या जागेवरून उन्हात सरकता येत नसेल, तर तोही बंधच होय. त्या दिवशी तिला घातलेल्या गोड घासाने तो सुटत नाही.

म्हणून दान देण्यापूर्वी गोशाळेत एक प्रश्न विचारावा : आज काय कमी आहे? उत्तर बहुधा कडबा, पाचट किंवा औषधोपचाराचा खर्च असे येईल. आणि दुकानाच्या माळ्यावर तागाची जुनी पोती पडून असतील, तर ती झटकून, धुऊन, वाळवून पाठवावीत. एका पोत्यात एका वासराची झूल होते.