गोमांस, मूत्रपिंड आणि रस्सा

मूत्रपिंडाच्या रुग्णाला गोमांस वर्ज्यच, असे आपण सरसकट म्हणतो. (महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर दुकानात मिळते ते म्हशीचे, हिशेब जवळपास तोच.) शिजवलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २६ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांच्यातील नायट्रोजनचा यकृतात युरिया बनतो. तो बाहेर टाकणारी मूत्रपिंडे दुबळी झाली, की तो रक्तात साठतो. म्हणून ६० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला साधारण ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिने सांगतात; त्यात डाळ-पोळीतलीही आली. डायलिसिस सुरू झाले, की मात्र हिशेब उलटतो. त्यात अमिनो आम्ले वाहून जातात आणि गरज ६० ते ७२ ग्रॅमवर जाते. जुन्याच पथ्याला चिकटून राहिलेला रुग्ण मग खंगत जातो.

आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो रस्सा. मांसाचे लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळले, की पोटॅशियम व फॉस्फरसचा बराच भाग पाण्यात उतरतो. प्रथिने बहुतांशी तुकड्यांतच राहतात. आजाऱ्याला आपण प्रेमाने पाजतो ते नेमके हेच पाणी! या रुग्णासाठी ते ओतून द्यावे आणि तुकडे वाढावेत. किती, हे रक्ततपासणी पाहून डॉक्टर सांगतील. खारवलेले आणि डबाबंद मांस मात्र टाळावे: मीठ तर असतेच, शिवाय डबाबंद मांसात बरेचदा फॉस्फेट मिसळलेले असते आणि ते मांसातल्या मूळच्या फॉस्फरसपेक्षा जास्त प्रमाणात शोषले जाते.