प्रौढ विद्यार्थ्यांची महाविद्यालयीन अनुदाने व घरापासूनचे अंतर

शालेय शिक्षण संपल्यावर काही वर्षांच्या खंडाने महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास मिळणारे शासकीय साहाय्य आणि त्याचे राहते घर व महाविद्यालय यांमधील अंतर यांचा परस्परसंबंध. शैक्षणिक अनुदानात सामान्यतः दोन भाग असतात : एक शुल्काचा व दुसरा निर्वाहाचा. शुल्काच्या भागावर अंतराचा परिणाम होत नाही. निर्वाहभत्ता मात्र विद्यार्थी घरी राहतो की बाहेर, यावर जवळजवळ सर्वत्र अवलंबून ठेवलेला असतो. या रचनेत ‘घर’ म्हणजे आईवडिलांचे घर असे गृहीत धरलेले असते. अठरा वर्षांच्या मुलामुलींबाबत हे गृहीत बहुधा खरे ठरते. स्वतःचा संसार असलेल्या तिशीतील स्त्रीपुरुषांबाबत ते ढळते. प्रौढ विद्यार्थ्यांच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या एका शब्दाच्या अर्थात आहे.

प्रौढ विद्यार्थी कोणास म्हणावे, याची सर्वमान्य व्याख्या नाही. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या प्रारंभी एकवीस वा अधिक वर्षे वय असलेल्यास प्रौढ विद्यार्थी म्हणण्याचा प्रघात आहे. भारतीय शिष्यवृत्तींच्या नियमांत असा वेगळा वर्ग नाही. तेथे प्रौढाची ओळख अप्रत्यक्षपणे, म्हणजे नोकरी, विवाह आणि कमाल वय यांविषयीच्या कलमांतून होते.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी व व्यापक योजना होय. ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली व १९४८-४९ मध्ये अनुसूचित जमातींना लागू झाली. तिच्यात निर्वाहभत्त्याचे वसतिगृहवासी व अनिवासी असे दोन दर असून अभ्यासक्रमांचे चार गट पाडलेले आहेत. अनुसूचित जमातींसाठी १ जुलै २०१० पासून लागू झालेल्या दरांत सामान्य पदवी अभ्यासक्रमाच्या, म्हणजे तिसऱ्या गटातील, वसतिगृहवासी विद्यार्थ्यास दरमहा ५७० रु. व अनिवासी विद्यार्थ्यास ३०० रु. ठरविण्यात आले. फरक २७० रुपयांचा, म्हणजे दिवसाला नऊ रुपयांचा. अनिवासी विद्यार्थी महाविद्यालयाशेजारी राहतो की डोंगरापलीकडून रोज येतो, हे या दरात विचारात घेतलेले नाही. ज्याची राहण्याजेवण्याची सोय विनामूल्य होते त्यास वसतिगृहवासी दराच्या एकतृतीयांश रक्कम मिळते. वसतिगृहाची व्याख्याही लक्षणीय आहे. सामायिक निवास व सामायिक खाणावळ हे तिचे गमक असून किमान पाच विद्यार्थी भाड्याच्या जागेत एकत्र राहून एकत्र जेवत असतील, तर त्यांनाही वसतिगृहवासी मानता येते. तरुण मुलांच्या टोळक्यास ही तरतूद उपयोगी पडते. दोन मुलांसह तालुक्याच्या गावी खोली घेणाऱ्या आईस तिचा उपयोग नाही. तिच्या चुलीवर चारजण जेवत असले, तरी ते विद्यार्थी नव्हेत.

याच योजनेतील नोकरीविषयक कलम प्रौढांना थेट भिडते. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यास उत्पन्नाच्या मर्यादेत केवळ सक्तीच्या व परत न मिळणाऱ्या शुल्काची प्रतिपूर्ती होते. निर्वाहभत्ता मिळत नाही. बेरोजगार विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न पाहिले जाते. उत्पन्न मोजताना तिचे घर सासरचे धरले जाते, ही गोष्ट योग्यच आहे. तथापि अंतर मोजण्याचा प्रश्न आला की नियमांची भाषा पुन्हा पालकांकडे वळते, हे पुढे दिसेल.

अंतराच्या या प्रश्नाचे ठळक उदाहरण पालघर जिल्ह्यातील (जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४) जव्हार व मोखाडा तालुक्यांत आढळते. सह्याद्रीच्या उतारावरील हा प्रदेश वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इ. जमातींचा. जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. तेथे नगरपालिका १९१८ पासून आहे. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नासिकला आणि जव्हारहून विक्रमगडमार्गे पालघरच्या दिशेने जाता येते. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे व मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय असल्याने कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांची पदवी आज तालुक्याच्या ठिकाणी घेता येते. त्यापलीकडचे बरेच शिक्षण, विशेषतः व्यावसायिक, मिळविण्यासाठी घाट उतरावा किंवा चढावा लागतो.

जव्हार तालुक्यातील वावर हे गाव १९९२-९३ मध्ये वांगणी या गावासह बालकांच्या कुपोषणजन्य मृत्यूंमुळे राज्यभर चर्चेत आले. त्या वर्षांत जी मुले वाचली ती आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांपैकी ज्यांचे शिक्षण दहावी-बारावीला थांबले व जे आज पुन्हा शिकू इच्छितात, ते या नोंदीच्या अर्थाने प्रौढ विद्यार्थी होत. अंगणवाडी, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत या सर्व ठिकाणी पदवीला किंमत आहे आणि गावात ती कामे करू शकणारी माणसे याच वयाची आहेत.

येथे अंतर किलोमीटरांत सांगून भागत नाही. या भागातील गाव म्हणजे एकमेकांपासून दूर विखुरलेल्या पाड्यांचा समूह. रहिवासाच्या दाखल्यावर गावाचे नाव येते, पाड्यापासून सडकेपर्यंतची पायवाट येत नाही. पावसाळ्यात ओढे भरले की ही पायवाट काही काळ बंदच होते. सडकेवर आल्यानंतर राज्य परिवहन महामंडळाची गाडी हा मुख्य आधार. रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी ज्या गावाला आहे, ते गाव महाविद्यालयाला जवळचे. जेथे पहिली गाडी सकाळी उशिरा येते ते गाव, नकाशावर जवळ असले तरी, दूरचे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात प्रवासभाड्याची ६६.६७ टक्के सवलत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना महामंडळाच्या गाड्यांत अर्धे भाडे पडते. या सवलती मोलाच्या आहेत. मात्र गाडी चुकल्यावर जीपमध्ये मोजावे लागणारे पैसे त्यांत येत नाहीत. प्रौढ विद्यार्थिनीच्या दृष्टीने भाड्यापेक्षा परतीच्या गाडीची वेळ अधिक महत्त्वाची असते. घरी वाट पाहणारे मूल तिच्या वेळापत्रकात धरावे लागते.

याहून गुंतागुंतीची बाब स्थलांतराची आहे. भात, नागली व वरई ही येथील मुख्य पिके. भातनागलीची आवणी जुलैच्या सुमारास, म्हणजे महाविद्यालयाचे पहिले सत्र सुरू झाल्यावर येते आणि तेव्हा घरातील प्रत्येक हाताची शेतात गरज असते. पीक निघाले की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई या पट्ट्यांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि बहुधा पावसाच्या आधी परततात. दुसरे सत्र नेमके याच महिन्यांत असते. अशा कुटुंबातील विद्यार्थ्याचे घर जून ते ऑक्टोबर वावरला आणि पुढे सहा महिने एखाद्या भट्टीवरच्या झोपडीत असते. पहिल्या सत्रात तो जव्हारच्या महाविद्यालयापासून काही मैलांवर राहतो, तर दुसऱ्या सत्रात त्याचेच कुटुंब एका संपूर्ण जिल्ह्याच्या अंतरावर असते. त्याने मागे राहून शिकावयाचे ठरविल्यास भट्टीवर जोडीने होणाऱ्या कामातील एक माणूस कमी होतो व कुटुंबाने घेतलेली उचल फिटण्यास विलंब लागतो. अनुदानाच्या अर्जात मात्र त्याच्या घराचा एकच पत्ता असतो.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. भोजन, निवास व इतर निर्वाह यांसाठी मिळून मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड व नागपूर येथे वार्षिक ६०,००० रु., इतर महसूल विभागीय व तत्सम शहरांत ५१,००० रु. आणि अन्य जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रु. असे दर तिच्यात ठरले. पुढे तालुक्याच्या ठिकाणांसाठी ३८,००० रुपयांचा दर आला. रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मानाने ही मोठीच झेप होय आणि जव्हार-मोखाड्यातील अनेक तरुणांना नासिक वा ठाण्याला खोली घेऊन शिकणे तीमुळे शक्य होते.

या योजनेत दर ठरतो तो महाविद्यालय ज्या शहरात आहे त्यावरून. विद्यार्थी किती दुरून आला यावरून नव्हे. वावरचा विद्यार्थी जव्हारला राहिला तर ३८,००० रु., पालघरला ४३,००० रु. व नासिकला ५१,००० रु. असा चढता क्रम अंतराशी जुळल्यासारखा भासतो. पण तो योगायोग आहे. येथे मोजले जाते ते शहराचे घरभाडे. घरभाड्याची तफावत खरी असल्याने ही पद्धत अयोग्य म्हणता येत नाही. प्रश्न येतो तो पात्रतेच्या अटीत. ज्या शहरात शिक्षणसंस्था आहे त्या शहरात विद्यार्थ्याचे पालक रहिवासी नसावेत, अशी ती अट आहे. ज्या विवाहितेचे आईवडील जव्हारलाच राहतात पण जिचे सासर वावरच्या एखाद्या पाड्यावर आहे, तिला ही अट शब्दशः लावल्यास ती स्थानिक ठरते. शिवाय योजनेस कमाल वयाची मर्यादा असून तिशी ओलांडलेला अर्जदार तिच्या कक्षेत बसत नाही.

दुसरी अडचण उंबरठ्याची. खोली घेऊन राहणाऱ्यास तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला ३८,००० रु. आणि रोज घरून ये-जा करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यास, दहा महिन्यांचे धरल्यास, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे ३,००० रु.; या दोहोंमध्ये पायरी नाही. तरुण विद्यार्थी या उंबरठ्यापाशी घर सोडण्याचा निर्णय घेतो व तो बहुधा त्याच्या हिताचा असतो. प्रौढ विद्यार्थ्याला शेत, मुले व म्हातारी माणसे सोडून जाणे शक्य नसते. अंतराचा खर्च त्याला रोज सोसावा लागतो आणि अंतरासाठी दिले जाणारे साहाय्य त्याला मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी हाताळला आहे. ब्रिटनमध्ये अँडरसन समितीच्या १९६० च्या अहवालानंतर १९६२ च्या शिक्षण अधिनियमाने पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांना अनुदान देणे स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक झाले. आईवडिलांच्या घरी राहणारे, बाहेर राहणारे आणि लंडनमध्ये राहणारे असे तीन दर तेथे रूढ झाले. १९९८ च्या अधिनियमाने निर्वाह-अनुदानाची जागा कर्जांनी घेतली तरी हे त्रिविध दर इंग्लंडमध्ये टिकले. पंचविशी ओलांडलेला विद्यार्थी तेथे ‘स्वतंत्र’ मानला जातो, म्हणजे त्याच्या आईवडिलांचे उत्पन्न पाहिले जात नाही. आणि तो आईवडिलांकडे राहत नसेल, तर स्वतःच्या घरातून रोज महाविद्यालयात जात असूनही त्यास बाहेर राहणाऱ्याचा दर मिळतो. ‘घर’ या शब्दाचा अर्थ तेथे निःसंदिग्धपणे लावलेला आहे. ऑस्ट्रेलियात तरुणांच्या भत्त्यासाठी अंतर मैलांऐवजी वेळेत मोजतात : सार्वजनिक वाहनाने एका बाजूच्या प्रवासास नव्वद मिनिटांहून अधिक वेळ लागत असल्यास विद्यार्थ्यास घराबाहेर राहणे आवश्यक आहे असे मानता येते. पंचवीस वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी तेथे वेगळा भत्ता आहे. वेळेचे हे माप मुक्कामी गाडीवर अवलंबून असलेल्या प्रदेशास किलोमीटरांपेक्षा अधिक लागू पडेल हे उघड आहे. मात्र त्यासाठी गाडीचे वेळापत्रक पाळले जाणे ही पूर्वअट होय.

अंतरच नाहीसे करण्याचा मार्ग म्हणून मुक्त विद्यापीठांकडे पाहिले जाते. नासिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रांद्वारे गृहिणी, शेतकरी, नोकरदार अशा मोठ्या वर्गास पदवीचा मार्ग खुला केला. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ही त्याची दीर्घकाळची विशेष ओळख होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांनुसार पत्रद्वारा शिकणाऱ्यांना शुल्काची प्रतिपूर्ती व पुस्तकांसाठी वार्षिक १,२०० रु. मिळतात, निर्वाहभत्ता नाही. विद्यार्थी घरीच असतो, तेव्हा त्यास निर्वाहाचा अधिक खर्च नाही, असा त्यामागील तर्क. परंतु संपर्कसत्रे व परीक्षा यांसाठी केंद्रावर जावेच लागते, आणि ज्या दिवशी पाड्यावरची व्यक्ती केंद्रावर जाते त्या दिवसाची मजुरी बुडते. संपर्कसत्रे बहुधा सुटीच्या दिवशी असतात व रविवारी या मार्गांवरील गाड्या विरळ असतात.

रक्कम हाती येण्याचा काळ हाही अंतराइतकाच निर्णायक ठरतो. स्वयम् योजनेची रक्कम हप्त्यांनी मिळते. अर्ज, पडताळणी, उपस्थितीचे प्रमाणपत्र व आधारसंलग्न खाते अशा टप्प्यांतून ती जात असल्याने प्रवेश आणि पहिला हप्ता यांत काही महिने जाऊ शकतात. खोलीची अनामत, भांडीकुंडी आणि पहिल्या महिन्यांचे भाडे विद्यार्थ्याला आधी उभे करावे लागते. तरुणाच्या बाबतीत हा भार बाप किंवा थोरला भाऊ उचलतो. प्रौढ विद्यार्थी हाच बहुधा घरातील बाप किंवा थोरला भाऊ असतो. त्याला हे पैसे काढावयाचे तर मुकादमाकडून पुढील हंगामाची उचल घेणे हा एक मार्ग उरतो, आणि ती उचल फेडण्यासाठी त्याला दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्राच्या आरंभी, भट्टीवर जावे लागते.