‘क्रेडिट’ आणि श्रद्धा : एकाच मुळाचे दोन शब्द

वाण्याकडची उधारी, पासबुकातील जमा रक्कम, चित्रपटातील श्रेयनामावली आणि बाजारातील पत या साऱ्यांसाठी इंग्रजीत एकच शब्द पुरतो, तो म्हणजे ‘क्रेडिट’. मराठीला त्यासाठी चार निरनिराळे शब्द योजावे लागतात. एवढे दूरचे अर्थ एका शब्दात कसे सामावले, याचे उत्तर त्याच्या व्युत्पत्तीत आहे.

लॅटिन भाषेत ‘क्रेडेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू किंवा कर्जाऊ दिलेली रक्कम म्हणजे ‘क्रेडितुम’. हाच शब्द फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. राजदूत राष्ट्रप्रमुखांना सादर करतात ती ‘क्रेडेन्शियल्स’ म्हणजेच अधिकारपत्रेही याच कुळातील. धर्मश्रद्धेचे सार सांगणारा ‘क्रीड’ हा शब्दही ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’, यावरून आला आहे.

मराठी वाचकाला अधिक विस्मय वाटेल तो पुढच्या नात्याचा. लॅटिनमधील ‘क’च्या जागी संस्कृतात अनेकदा ‘श’ आढळतो. शंभरासाठी लॅटिन शब्द ‘केन्तुम’, तर संस्कृत ‘शतम्’. याच नियमाने ‘क्रेडेरे’ आणि ‘श्रद्धा’ हे शब्द एका मुळाचे ठरतात. ‘श्रत्’ आणि ‘धा’, म्हणजे ठेवणे, मिळून श्रद्धा झाली. ‘श्रत्’चा मूळ अर्थ हृदय असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, निघंटूत मात्र तो सत्याचा पर्याय म्हणून दिला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १५१वे सूक्त श्रद्धेलाच उद्देशून आहे. म्हणजे जो शब्द आपण देव्हाऱ्यापाशी उच्चारतो, त्याचाच भाऊ बँकेच्या खिडकीवर भेटतो.

या खिडकीवरचा व्यवहार वरवर दिसतो त्याहून वेगळा आहे. खात्यात रक्कम भरली की ती ‘क्रेडिट’ होते. याचा हिशेबी अर्थ असा, की बँक आपले तेवढे देणे लागते. कर्ज देताना बँक आपल्यावर विश्वास ठेवते. ठेव ठेवताना आपण बँकेवर. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि प्रारंभी प्रत्येक खात्यातून केवळ १००० रुपये काढण्याची मुभा उरली. ठेवीदारांच्या पासबुकात आकडे जमेकडेच होते, पण त्यामागचा विश्वास निसटला होता. पुढे फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली.

विश्वासाचे मोजमापही आता बदलले आहे. पूर्वी गावचा सावकार किंवा पेठेतील व्यापारी माणूस पाहून, त्याचे घराणे आणि शब्द जोखून उधार देई. त्यात ओळख होती, तसाच पक्षपातही होता. भारतात २००० साली ‘सिबिल’ची स्थापना झाली. आज कर्जदाराची पत बहुधा ३०० ते ९०० या दरम्यानच्या एका आकड्यात सांगितली जाते. हा आकडा जात वा गाव विचारत नाही. मात्र आजारपणामुळे हप्ता चुकला की हेतुपुरस्सर, हेही त्याला कळत नाही. ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतले नाही, अशा काटकसरी माणसाच्या नावे तर दाखवण्याजोगा इतिहासच नसतो.

म्हणूनच आपल्याविषयी काय नोंदले गेले आहे, हे प्रत्येकाने पाहणे आवश्यक ठरते. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळवता येतो आणि त्यातील चूक दुरुस्त करण्याची मागणीही करता येते. मराठीत ‘पत गेली’ हे केवळ पैशाविषयी म्हटले जात नाही. त्यात माणसाची अब्रूही येते. ‘क्रेडिट’च्या लॅटिन पूर्वजाच्या मुळाशीही विश्वासच होता.